जुने पुणे पायी पाहायचे तर: ट्रेझर हंट ॲप की हेरिटेज वॉक?

जुने पुणे पायी फिरून पाहण्यासाठी मुद्दाम वेळ काढणाऱ्यापुढे आज दोन मुख्य पर्याय असतात. पहिला म्हणजे जाणकाराबरोबरचा हेरिटेज वॉक. ठरलेल्या दिवशी, बहुधा सकाळी, एक गट अभ्यासकामागून पेठांतून फिरतो आणि तो सांगेल ते ऐकतो. दुसरा म्हणजे मोबाइलवरचा ट्रेझर हंट. ॲप एक कोडे देते, त्याचा माग काढत आपण एखाद्या दरवाज्यापाशी किंवा देवळाच्या ओवरीत पोहोचतो, तिथली एखादी खूण शोधून उत्तर भरतो आणि मग पुढचे कोडे उघडते. दोन्ही पर्यायांचा परिसर साधारण सारखाच असतो, कारण कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि मंडई ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे काय पाहायला मिळेल यापेक्षा ते कोणत्या पद्धतीने पाहिले जाईल, हाच निवडीचा खरा प्रश्न आहे.

ॲपवरच्या या खेळांचे मूळ जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधण्याच्या खेळात आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगन राज्यात एका हौशी माणसाने जंगलात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ऐतिहासिक शहरांत डबे लपवणे अवघड आणि पोलिसांच्या दृष्टीने संशयास्पद असते; तिथे पुढे आलेला ‘ॲडव्हेंचर लॅब’सारखा प्रकार सोयीचा ठरतो. त्यात डबा नसतो. जागेवर जाऊन तिथल्याच एखाद्या गोष्टीवरच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. ‘क्वेस्टो’ किंवा ‘लेट्स रोम’सारखी ॲप कथानकात गुंफलेले तयार मार्ग विकतात, तर ‘ॲक्शनबाउंड’सारख्या साधनात आपल्याला स्वतःचा खेळ रचता येतो. दिसायला हे खेळ वेगवेगळे असले तरी त्यांचा गाभा एकच आहे: जागेवर उभ्या असलेल्या वस्तूवर असा प्रश्न विचारायचा की त्याचे उत्तर एकच असेल आणि यंत्राला ते तपासता येईल.

माझ्या मते हीच अट या प्रकाराचे बलस्थान आहे आणि पुण्यापुरती त्याची मोठी मर्यादाही आहे.

शनिवारवाड्याचे उदाहरण घेऊ. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीची धडक थोपवण्यासाठी लावलेले अणकुचीदार खिळे, तटातील पाच दरवाजे, हजारी कारंज्याच्या कमळाच्या पाकळ्या, ही सगळी सामग्री ट्रेझर हंटसाठी जणू मुद्दाम रचलेली आहे. एरवी दरवाज्यासमोर फोटो काढून दोन मिनिटांत पुढे सरकणारा माणूस ॲपने विचारले म्हणून तिथे थांबतो, मान वर करतो, मोजतो आणि मोजताना चुकला की पुन्हा पाहतो. पाहण्याची ही सक्ती कोणताही मार्गदर्शक करू शकत नाही. फार तर तो ‘इकडे बघा’ म्हणतो आणि निम्मा गट तेव्हा दुसरीकडे बघत असतो. पण तटाच्या आत पाऊल टाकले की जिथे पेशव्यांचे दिवाणखाने आणि महाल होते, तिथे आता फक्त जोती उरली आहेत, कारण १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. जोत्याच्या दगडावर कोडे रचता येत नाही, आणि रचलेच तर त्यातून दरबार उभा राहत नाही. तो डोळ्यांपुढे उभा करायला बोलणारा माणूसच लागतो.

पुण्याच्या बाबतीत असे वारंवार घडते. आजचा लाल महाल ही मूळ वास्तू नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला तो महाल केव्हाच नाहीसा झाला आणि सध्याची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारली आहे. बुधवारवाडा १८७९ च्या आगीत गेला, त्याच आगीत विश्रामबागवाड्याचेही नुकसान झाले. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, म्हणजे त्यापूर्वी रचलेल्या एखाद्या खेळात त्या वाड्याच्या दर्शनी भागावर कोडे असेल तर ते आज सुटणारच नाही. फुलेवाड्यातला पाण्याचा हौद तर पाहायला अगदी साधा आहे. तो १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला गेला, ही गोष्ट आणि तिच्यामागचे धाडस त्याच्या दगडांवर दिसत नाही. ज्या शहराचा निम्मा इतिहास आता जागेवर नसलेल्या वास्तूंचा आहे, तिथे केवळ दिसणाऱ्या वस्तूंवर बेतलेला खेळ अपुरा पडणारच.

याच्या उलट, जिथे मूळ वस्तू शाबूत आहे तिथेही माहिती आणि अर्थ यांत अंतर राहू शकते. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. काळ्या दगडातले हे देऊळ कोड्यांच्या रचनाकाराला हवे तसे आहे: मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती, गाभाऱ्याच्या भिंतीवरचे संस्कृत आणि फारसी शिलालेख, आणि दाराशेजारी साखळदंडाने गेंड्याला जखडणारे इंग्रज शिपाई. ‘कोणता प्राणी बांधला आहे?’ या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांचे मूलही शोधून काढील, आणि ते शोधताना त्याला होणारा आनंद खरा असेल. परंतु अठराव्या शतकातील पुण्याच्या देवळावर गेंडा कशाला, हा पुढचा प्रश्न ॲप सहसा विचारत नाही. हा गेंडा म्हणजे बंगालचे किंवा आसामचे प्रतीक, आणि हे शिल्प म्हणजे १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी तिकडे मिळवलेल्या सत्तेवरचे भाष्य, असा अर्थ लावला जातो. तो पटतो की नाही, यावर मार्गदर्शकाशी वाद घालता येतो. ॲपवर बरोबरची हिरवी खूण उमटली की विषय संपतो.

एवढे वाचून मार्गदर्शकाच्याच बाजूने कौल द्यावा असे वाटेल; पण हेरिटेज वॉकचेही दोष लहान नाहीत. तुमचा अनुभव एका माणसाच्या तयारीवर अवलंबून असतो आणि सगळ्यांची तयारी सारखी नसते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि त्यानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले, हा मराठी राज्याच्या न्यायव्यवस्थेतला विलक्षण प्रसंग आहे. तरीही काही वॉकमध्ये रात्री ऐकू येणाऱ्या ‘काका मला वाचवा’ या हाकेवरच दहा मिनिटे खर्च होतात. (भुताटकीच्या मार्गांचे आकर्षण ॲपवाल्यांनाही तितकेच आहे, हे सांगायला हवे.) शिवाय गट मोठा असेल तर मागच्या रांगेला शिवाजी रस्त्यावरच्या वाहनांपलीकडे काही ऐकू येत नाही, एका जागी अधिक रेंगाळायचे म्हटले तर गट पुढे निघून जातो, आणि लहान मुले तिसऱ्या थांब्यापर्यंत कंटाळलेली असतात.

मुले बरोबर असतील तर ॲपचे पारडे निःसंशय जड आहे. आठ ते चौदा वयाच्या मुलांना तारखांशी देणेघेणे नसते, पण जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर या नावांचे देव शोधून काढा म्हटले की ती मोठ्यांच्या पुढे पळतात. दुसरा वर्ग आहे पुण्यातच वाढलेल्यांचा. विश्रामबागवाड्यावरून हजारदा गेलेल्या माणसाला त्याच्या सज्जाखालच्या सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांकडे नीट पाहायला लावणे, हे व्याख्यानापेक्षा कोड्याला अधिक चांगले जमते. ॲपमध्ये मध्येच थांबून चहा घेता येतो, पाऊस आला तर खेळ अर्धवट सोडून पुढच्या रविवारी पुरा करता येतो आणि सकाळी सातला शनिवारवाड्यासमोर हजर राहण्याची सक्ती नसते.

तांत्रिक बाजू मात्र आधी समजून घ्यावी. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. पेठांतील अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून संकेत परावर्तित होतात आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या बोळात उडी मारतो. ‘तुम्ही योग्य जागी पोहोचला नाहीत’ असा संदेश तुम्ही नेमक्या त्याच पायरीवर उभे असताना येणे फार त्रासदायक असते. म्हणून ठिकाण ओळखण्यासाठी केवळ जीपीएसवर विसंबणाऱ्या ॲपपेक्षा जागेवरचे उत्तर टाइप करून पुढे जाऊ देणारे ॲप पेठांसाठी अधिक योग्य ठरते. उघड्या पडद्यामुळे आणि सततच्या जीपीएसमुळे बॅटरीही लवकर उतरते. आणि लक्ष्मी रस्त्यासारख्या गर्दीच्या रस्त्यावर मोबाइलमध्ये डोळे घालून चालणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

खर्चाची तुलना सरळ नाही. हेरिटेज वॉकचे शुल्क बहुधा माणशी असते, तर तयार ट्रेझर हंटमध्ये काही ठिकाणी माणशी आणि काही ठिकाणी मोबाइलमागे किंवा गटामागे आकारणी असते. चौघांचे कुटुंब एकाच मोबाइलवर खेळणार असेल तर दुसरी पद्धत पुष्कळ स्वस्त पडते. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असल्याने त्याचे प्रवेशशुल्क दोन्ही प्रकारांत वेगळे धरावे, आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय मार्गात असेल तर त्याचेही.

पैसे भरण्यापूर्वी ॲपचा मार्ग पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. काही ॲप पहिले एक-दोन थांबे विनामूल्य दाखवतात. त्यातील प्रश्नाचे उत्तर घरी बसून शोधयंत्रावर मिळते का ते पाहावे. ‘शनिवारवाडा कोणी बांधला?’ असे विचारणारा खेळ म्हणजे शाळेची प्रश्नपत्रिका. त्यासाठी शनिवारवाड्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. जागेवर गेल्याशिवाय सुटूच शकत नाही असा प्रश्न असेल, तर रचनाकार स्वतः तिथे जाऊन आला आहे असे समजावे. मार्ग शेवटचा केव्हा सुधारला, याची नोंद पाहावी. मेट्रोच्या कामामुळे आणि रस्ते-पदपथांच्या बदलांमुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या खुणा हललेल्या असू शकतात. मजकूर मराठीत आहे का, हेही तपासावे. यंत्राने केलेल्या भाषांतरात ओवरी, देवडी आणि सज्जा यांतला फरक हरवला की कोडे सुटत नाही, आणि चूक आपली आहे असे वाटत राहते.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःच खेळ रचण्याचा. शिक्षकांना, गृहसंकुलातल्या मंडळींना किंवा परदेशातून सुटीत येणाऱ्या भाच्यांसाठी काही करू पाहणाऱ्या मामा-मावश्यांना तो सर्वांत चांगला. एका सकाळी मार्ग चालून पाहावा, प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न टिपून घ्यावा आणि तो कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर द्यावा. रचणाऱ्याचा अभ्यास खेळणाऱ्यांपेक्षा जास्त होतो.

निवड करताना स्वतःला एवढेच विचारावे की बरोबर कोण आहे. पुण्यात प्रथमच आलेला पाहुणा असेल आणि हाती एकच सकाळ असेल, तर हेरिटेज वॉकच घ्यावा. त्याच्याकडे पेशवाईचा धागा नसतो आणि तो धागा कोड्यांतून मिळत नाही. ज्येष्ठ मंडळींसाठीही तोच, मात्र गट लहान असल्याची खात्री करून. मुले, महाविद्यालयीन मित्रमंडळ किंवा मुरलेले पुणेकर यांनी ॲप निवडावे. दोन्ही करणे शक्य असेल तर आधी ॲप आणि मग वॉक असा क्रम ठेवावा, कारण गेंडा स्वतः शोधून काढलेला माणूस त्याच्याविषयी मार्गदर्शकाला जे विचारतो ते पहिल्यांदाच गेंडा पाहणाऱ्याला सुचत नाही. मंडईचेही तसेच आहे. अष्टकोनी मध्यभागाच्या बाजू मोजून झाल्या की मग विचारता येते की १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेल्या या बाजाराला, त्याच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या फुल्यांचे नाव कसे मिळाले.

ॲप निवडणाऱ्यांनी सुटीच्या दिवशी सकाळी लवकर निघावे. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो सुरू झाल्यामुळे कसबा पेठ स्थानकावर उतरून कसबा गणपतीपासून आरंभ करता येतो आणि शेवट मंडई स्थानकापाशी करता येतो, म्हणजे वाहन लावण्याची विवंचना राहत नाही. तुळशीबागेतले राममंदिर मार्गात असेल तर ते दुकाने उघडण्यापूर्वी गाठावे. दुपारनंतर तिथल्या गर्दीत कोडे सोडवण्याइतकी उभे राहायला जागा मिळणे कठीण, आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत तर हा बेत आखूच नये.