स्वच्छच्या मावशींची कचरा सेवा: पैसे कशाचे देतो आपण?

आमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आले की पहिला प्रश्न ठरलेला, कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला, प्रॉपर्टी टॅक्स जातोच की. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. माझं मत आधीच सांगते, पुण्यात घरपोच मिळणाऱ्या सगळ्या सेवांत मला ‘स्वच्छ’ या संस्थेची ही दारातून कचरा नेणारी सेवा सगळ्यात चांगली वाटते आणि पैसे पूर्ण वसूल आहेत.

रोज सकाळी दोघी मावशी ढकलगाडी घेऊन येतात, ओला-सुका वेगळा घेतात, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायचं म्हणजे त्यांना ते उघडून बघावं लागत नाही. मग खाली पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सुका परत निवडतात, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, काच, पत्रा सगळं वेगवेगळं. ते भंगारात विकून येणारे पैसे त्यांचे. उरलेलं महापालिकेच्या गाडीत. त्यांची कमाई म्हणजे आपण देतो ती महिन्याची फी आणि हे भंगार, महापालिका त्यांना पगार देत नाही, आणि हे सोसायटीत बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

दुसरं माहीत नसलेलं म्हणजे स्वच्छ ही कुणा शेठची कंपनी नाही, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. आधी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही युनियन झाली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचा त्यात मोठा वाटा, त्यातून २००७ मध्ये ही संस्था. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद, बहुतेक बायका, त्यातही बहुतेक दलित समाजातल्या. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त, सहकारी संस्थेत सभासद कुणीही असो मत एकच. जी बाई जिना चढून तुमची बादली उचलते ती मालक पण आहे आणि मतदार पण. शहरातली अजून कुठली सेवा अशी चालते सांगा मला.

आता ‘ठेकेदार नेमा, मोठ्या गाड्या लावा, पटापट आणि स्वस्तात होईल’ हे जे सारखं ऐकू येतं त्याबद्दल. २०२० च्या शेवटी स्वच्छचा महापालिकेशी असलेला करार संपला तेव्हा पण हीच चर्चा जोरात होती. मला हे स्वस्तपण पटत नाही आणि त्याचं कारण सरळ हिशोबाचं आहे. ठेकेदाराला पैसे टनावर मिळत असतील तर जितकं वजन कचरा डेपोवर जाईल तितकं बिल मोठं, मग तो निवडत कशाला बसेल, उलट सगळं एकत्र दाबून भरणं त्याच्या फायद्याचं. मावशींचं बरोबर उलटं, जितका माल निवडतील तितके पैसे, म्हणजे डेपोवर जाणारं वजन कमी. माझी बहीण दुसऱ्या शहरात राहते, तिच्याकडे गाडी येते, गाणं वाजतं, लोक ओला-सुका एकत्रच ओततात आणि दोन मिनिटांत गाडी गेली पण. वेळ वाचला खरा, पण त्या वाचलेल्या वेळाची किंमत कुठेतरी कुणीतरी भरतंच ना. पुण्याची ती किंमत कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं भरली, वास, धूर, विहिरींचं खराब पाणी, कितीदा त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचा त्रास कुठल्याच टेंडरच्या रकमेत धरलेला नसतो म्हणून टेंडर स्वस्त दिसतं, आणि मला ह्या गोष्टीचा मनापासून राग येतो. शिवाय मार्च २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, म्हणजे असले निर्णय घेताना गल्लीतल्या माणसाने विचारायचं कुणाला?

कमतरता पण लिहिते. दर महिन्याला मावशींना प्रत्येक दारात उभं राहून स्वतःच्या कामाचे पैसे मागावे लागतात, आणि चांगल्या नोकऱ्या असलेले लोक ‘उद्या या’ म्हणतात, हे बघवत नाही. खरंतर २०१६ च्या घनकचरा नियमांनीच वर्गीकरण करून देणं आणि युजर फी, म्हणजे ह्या सेवेचे पैसे, भरणं दोन्ही आपल्यावर टाकलं होतं. आणि भंगाराचा भाव पडला की त्यांची कमाई पडते, कष्ट तेवढेच. बाजारातल्या चढउताराचा सगळा भार सगळ्यात कमी कमावणाऱ्यांवर, ह्यावर उपाय हवा, निदान भाव पडल्यावर फी तरी वेळेवर मिळायला हवी.

ही सेवा घ्यायची असेल तर काय करा, फुटलेली काच जाड कागदात बांधून वेगळी हातात द्या. आमच्या मावशी एकदाच म्हणाल्या होत्या, ‘ताई, काच सांगून देत जावा ओ, हात कापला की चार दिवस काम बंद.’ सणावाराला, लग्नकार्याला कचरा जास्त होतो तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि सोसायटीतली कचऱ्याची फी मेंटेनन्समध्येच जमा करून कमिटीने एकरकमी द्यावी, आमच्याकडे आता तसंच आहे, मावशींचे दर महिन्याचे हेलपाटे वाचले. तुमच्या पुढच्या मीटिंगला हा विषय घ्याच.