पापण्यांच्या धंद्यात माझे ३६,२९९ रुपये गेले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. अकरा वर्षं पार्लर चालवतेय, वाडीतल्या भिशीची वही माझ्याकडे असते आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे सासूबाईंना मीच शिकवलंय. तरी गेले.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठचं आमचं गाव. मे महिन्यात लग्नं, मग गणपतीला चाकरमानी, धंदा तेवढाच. गेल्या मे महिन्यात मुंबईच्या दोन नवऱ्यामुलींनी "आयलॅश एक्स्टेन्शन करता का?" विचारलं, म्हणजे खऱ्या पापण्यांवर खोट्या चिकटवून देता का. नाही म्हणावं लागलं, ते मनाला लागलं. त्याच आठवड्यात मोबाईलवर हेच काम शिकवणाऱ्या एका माणसाची जाहिरात आली. ताई-ताई करणं, 'ऑफर आज रात्रीपर्यंतच', हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. कोर्सचे १४,९९९. किटचे ११,८००. आणि समुद्रावरच्या रिसॉर्टमधल्या लग्नांची गिऱ्हाइकं तोच पाठवणार, त्याच्या 'नोंदणी'चे ९,५००. त्यानं पाठवलेलं एक गिऱ्हाईक माझ्या पार्लरची पायरी चढलेलं नाही.

पण मला जाळतंय ते त्यानं पाठवलेलं दराचं कोष्टक. दर १,४९९, सामान १८०, नफा १,३१९. दिवसाला ८ गिऱ्हाइकं, महिन्याचे २५ दिवस, कमाई २,६३,८००. पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी ओट्याशी उभी राहून मी ते वाचलं, बोटांना मासळीचा वास होता म्हणून करंगळीनं पडदा सरकवत होते. त्याच्याच व्हिडिओत होतं की एका सेटला अडीच तास लागतात. आठ गुणिले अडीच, वीस तास. गुणाकार मी केला. उत्तरही बरोबर आलं. आणि मी स्वतःला म्हटलं, हात बसला की वेग येईल! भिशीत कुणाचे दहा रुपये कमी आले तर झोप न लागणारी बाई मी.

त्या कोष्टकात माझ्या वेळेची किंमतच नव्हती. या कामात एकेका खऱ्या पापणीवर एकेक खोटी चिकटवायची, मला तीन तास लागतात. तेवढ्या वेळात एक फेशियल, थोडं वॅक्सिंग, चार-पाच आयब्रो होतात, म्हणजे साधारण १,०५० रुपये. सामान ४००, कारण १,२०० रुपयांची ग्लूची बाटली एकदा उघडली की महिन्याभरात फेकावी लागते, मग गिऱ्हाइकं सहा असोत की साठ. भाडं आणि विजेचे धरा २५०. झाले १,७००, अजून नफा शून्य. मी १,४९९ घेत होते, दर सेटला २०१ रुपये पदरचे घालून. वर 'पहिलं रिफिल फुकट ठेवा', हा त्याचाच सल्ला. रिफिल, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नव्या लावणं, दोन-तीन आठवड्यांनी लागतंच, खऱ्या पापण्या रोज गळतात, आणि त्यालाही दीड तास जातो. जो दर ठरवायला शिकवतो, त्याला आधी विचारा: तास कुठे धरलास?

आणि आमची हवा! हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानं सुकतो. पावसात आमच्याकडे पापणी जागेवर बसायच्या आतच तो वाळायचा, नीट धरायचा नाही. जुलैत एकीचा अख्खा सेट चौथ्या दिवशी उशीवर. मला वाटलं माझाच हात कच्चा, फुकट परत लावून दिला. मग एकदा बाटलीवरचं लेबल नखानं खरवडलं. खाली दुसरं लेबल, मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली. तोवर त्यानं मला ब्लॉक केलं होतं. डोळ्यांजवळ लावायची वस्तू आहे ही, मेल्याला काही वाटलं नाही. किट आलं की आधी लेबल खरवडा.

लाजेपायी बारा दिवस घरात बोलले नाही, ही दुसरी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठले तर गोठतात. मी उशिरा केला. पोलीस ठाण्यात गेले तर साहेब जेवायला. दीड तास बाकावर. मग, "ताई, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, मग फसवणूक कसली?" शेजारचा हवालदार हसून म्हणाला, पापण्या चिकटवायला लोक पैसे देतात? दुसऱ्या खेपेला जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. गेले. दिवसाचा धंदा बुडाला, एसटीचं भाडं वेगळं. तिथे म्हणे, आधी तुमच्या ठाण्याचा कागद आणा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर एकानं ऐकवलं, धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे चूक आहे, वकिलाकडून कळलं: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेला माल 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. निदान किटचे ११,८०० मागता येतात. पावत्या जपा. चॅट पुसू नका, मी रागानं अर्धं पुसलं.

आता माझा दर २,४००. रिफिल ९००, तेही तीन आठवड्यांच्या आत. पावसाळ्यात बंद. गिऱ्हाइकं कमी येतात, येऊ देत.

परवा भाचीनं त्याची नवी जाहिरात दाखवली. सर्टिफिकेटसाठी पाठवलेला माझाच फोटो, खाली लिहिलंय, 'कोकणातल्या ताईंची लाखाची कमाई'. तिघींनी खाली 'डिटेल्स पाठवा' लिहिलं होतं. तिघींना मी स्वतः मेसेज केला. दोघींनी पाहिलाच नाही. तिसरीचं उत्तर आलं, "तुम्हाला जमलं नाही म्हणून आम्हाला का अडवता?"