जुने सीएनसी आणि नवा संगणक: यूएसबी केबल घ्यावी की सिरियल कार्ड?

स्लाइड आणि स्पिंडल अजून चोख असलेले, पण फॅनुक कंपनीच्या झिरो-एमसी या जुन्या मॉडेलच्या काळातला कंट्रोलर असलेले व्हीएमसी (संगणकीय आज्ञांवर चालणारे, म्हणजे सीएनसी, उभे मिलिंग मशीन) केवळ नव्या संगणकाला जोडता येत नाही म्हणून भंगारात काढणे कोणत्याही टूलरूमला (साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागाला) परवडणारे नाही. या कंट्रोलरची मेमरी आजही कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजली जाते आणि ८० मीटर म्हणजे जेमतेम ३२ केबी. त्यामुळे मोल्डचा मोठा प्रोग्राम संगणकावरून ड्रिप फीडनेच, म्हणजे थोडा थोडा पाठवत, चालवावा लागतो. आजच्या संगणकांना बहुधा सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जुन्या पद्धतीची जोडणी) नसतो, म्हणून यूएसबी ते सिरियल केबल किंवा आत बसवायचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड यांपैकी एकाची निवड करावी लागते.

वेगाच्या मुद्द्यावर ही निवड करू नये. ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), सात बिट, सम पॅरिटी (चूक तपासणारा एक बिट) आणि दोन स्टॉप बिट अशा नेहमीच्या मांडणीत, सुरुवातीचा एक बिट धरून, एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ४३६ अक्षरेच जातात. हा वेग दोन्ही साधनांना किरकोळ आहे.

यूएसबी केबलची सोय नाकारता येत नाही. ती स्वस्त असते, शिवाय लॅपटॉप उचलून थेट मशीनपाशी नेता येतो. स्वस्त चिपच्या केबलमध्ये बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की विंडोज तिला नवा कॉम क्रमांक (पोर्टची ओळख) देते आणि ऑपरेटर मशीनला प्रोग्राम पाठवणाऱ्या डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये जुनाच क्रमांक निवडून बसतो. एफटीडीआय या कंपनीच्या अस्सल चिपला तसा अनुक्रमांक असल्याने हा त्रास टळतो. हा त्रास आहे खरा, पण सहन होण्याजोगा.

माझा निर्णय ज्यामुळे झाला, तो त्रास अलार्म ८७ चा. कंट्रोलरचा बफर (आलेली अक्षरे तात्पुरती साठवण्याची जागा) भरत आला की तो संगणकाला थांबण्याचा संकेत म्हणून डीसी३ हे अक्षर पाठवतो आणि त्यानंतर फार तर दहा अक्षरे स्वीकारतो. त्याहून अधिक अक्षरे आली की बफर ओव्हरफ्लोचा अलार्म लागतो. यूएसबीतून मात्र माहिती सुटी अक्षरे म्हणून न जाता ६४ अक्षरांपर्यंतच्या पुडक्यांनी जाते. थांबण्याचा संकेत चिपमध्येच न ओळखता संगणकातील ड्रायव्हरवर सोडलेला असेल, तर ड्रायव्हरने हात आखडता घेतला तरी चिपमध्ये आधीच पोहोचलेली अक्षरे बाहेर पडतच राहतात. आमच्या भोसरीच्या टूलरूममध्ये छोटे प्रोग्राम अशा केबलने विनातक्रार चढत असत, परंतु फिनिशिंग चालू असताना, आणि तेही नेमके शेवटच्या पासमध्ये, या अलार्मने मशीन थबकून जॉबवर कटरचा डाग पडला की तो पॉलिशमध्येही सहजी जात नाही. एफटीडीआयच्या चिपमध्ये हा संकेत ओळखण्याची सोय असल्याने तिचा अनुभव पुष्कळच बरा आला. तरीही बाजारात तिच्या नकला इतक्या आहेत की डबीवरच्या नावावरून आत काय आहे याची खात्री देता येत नाही.

कार्डाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक उघडपणे हाताळता येतो. कार्डावरच्या १६५५० जातीच्या सिरियल चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा असतो, म्हणजे मूळ मांडणीत तोही दहाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. पण कार्डाचा ड्रायव्हर मुभा देत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रगत सेटिंगमधून पाठवण्याचा बफर एकावर आणता येतो आणि मग अतिरिक्त अक्षरे उरतच नाहीत. १६सी९५० चिपचा साठा १२८ अक्षरांचा असला तरी ती थांबण्याचा संकेत स्वतःच पाळू शकते. असे कार्ड बसवल्यापासून ड्रिप फीड लावून ऑपरेटर दुसऱ्या मशीनकडे जाऊ लागला आहे. हे मोजमाप नव्हे, पण मला ते पुरेसे वाटते.

कार्डासाठी डेस्कटॉप लागतो आणि तो मशीनपासून १५ मीटरच्या आत असलेला बरा. अंतर जास्त असेल किंवा मशीन अनेक असतील, तर लॅनवर चालणारा सिरियल सर्व्हर (नेटवर्कवरून सिरियल पोर्ट पुरवणारे उपकरण) पाहावा. एकदोन मशीनसाठी तो मला जड वाटतो. लॅपटॉपशिवाय पर्यायच नसेल, तर विश्वासू विक्रेत्याकडून एफटीडीआयची केबल घ्यावी आणि ती मशीनला चालू स्थितीत जोडू नये, कारण मशीन आणि चार्जरच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर कंट्रोलरचा पोर्ट जळू शकतो.