कुत्र्याच्या बुरशीसाठी क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोल शाम्पू : वापरानंतरचे मत

रावेर तालुक्यातील केळीच्या बागेत, ठिबकच्या ओलीत दिवसभर लोळणाऱ्या आमच्या लॅब्राडॉर राणीच्या काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत पावसाळ्यात लाली आली, अंगाला तेलकट चिकटा व आंबूस वास सुटला, आणि मानेखालची कातडी जाड होऊन काळी पडू लागली. आपल्याकडे अशा कुत्र्याला लूत लागली असे समजून जळके ऑइल चोपडतात. ते कातडी भाजते आणि चाटल्याने पोटात जाते, म्हणून ते कुणीही करू नये. जळगावच्या पशुवैद्यकांनी पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबून उचलली, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मॅलासेझिया ही बुरशी दिसल्यावरच २ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) व २ टक्के मायकोनाझोल (बुरशीनाशक) असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरायला सांगितला.

या शाम्पूचा गुण तो अंगावर १० मिनिटे राहण्यात आहे. नुसते केसांवर चोळून पाणी ओतले तर पैसे वाया जातात. केस उलट्या दिशेने सारून तो कातडीपर्यंत पोहोचवावा लागतो, आणि तेवढा वेळ कुत्र्याला चाटू न देता धरून ठेवावे लागते. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो, परंतु त्यामुळे मात्रा वाढवण्याची गरज आम्हाला भासली नाही. धुतल्यानंतर बोटांच्या बेचक्या पंच्याने कोरड्या करणे मात्र टाळू नये, कारण ओल राहिली की बुरशीला पुन्हा आयते घर मिळते.

आधी वास गेला, मग खाज उतरली. काळेपणा मात्र फार सावकाश ओसरतो आहे. बाटली लहान असल्याने मोठ्या कुत्र्याला हा उपचार महाग पडतो, आणि सूचना मराठीत नाहीत, ही मोठी उणीव आहे.

गोल चट्टे पडून केस गळत असतील, तर तो मायक्रोस्पोरम कॅनिससारख्या बुरशीचा गजकर्ण असू शकतो. तो माणसांना, विशेषतः घरातील मुलांना, होतो आणि त्याला बहुधा पोटातून इट्राकोनाझोलसारखे औषधही द्यावे लागते. तिथे केवळ या शाम्पूवर विसंबू नये. मॅलासेझिया वारंवार उलटत असेल, तर मुळाशी ॲलर्जी किंवा थायरॉईडचा दोष आहे का, हे पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे आणि मगच दुसरी बाटली विकत घ्यावी.