रॅमसे स्ट्रीटवर पाच महिने: पुन्हा सुरू झालेली 'नेबर्स' रोज बघितल्यावर

आई जुलैमध्ये सांगलीहून आमच्याकडे मेलबर्नला आली. इथे तेव्हा कडाक्याची थंडी, साडेपाचला अंधार. घरी तिचा संध्याकाळी सातनंतरचा वेळ मालिकांचा असतो, त्यामुळे इथे तिला करमेना. मग मी 'नेबर्स' लावली. जुनी नव्हे, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेली, अगदी पहिल्या भागापासून. जेवणं उरकली की रोज तीन भाग. डिसेंबरपर्यंत चारशेहून जास्त भाग बघून झाले. इतका सहवास झाल्यावर जे वाटलं ते नीट लिहून ठेवावं म्हणून हा अनुभव.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही ऑस्ट्रेलियाची रोजची मालिका १८ मार्च १९८५ ला चॅनल सेव्हनवर सुरू झाली. त्यांनी त्याच वर्षी ती सोडून दिली आणि जानेवारी १९८६ मध्ये चॅनल टेनने उचलली. म्हणजे मरून उठणं हिच्या नशिबी पहिल्यापासून आहे. पुढे बीबीसीने ती दुपारी दाखवायला घेतली आणि ब्रिटनमध्ये ती इथल्यापेक्षाही जास्त गाजली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फाइव्हने पैसे थांबवले, जुलैच्या शेवटी निरोपाचा भाग झाला, आणि चारच महिन्यांत ॲमेझॉनने ती पुन्हा काढायचं जाहीर केलं. १८ सप्टेंबर २०२३ ला नवा भाग आला. आठवड्याला पाचऐवजी चार भाग. ११ डिसेंबर २०२५ ला तीही संपली.

या मालिकेची खरी ताकद तिच्या गल्लीत आहे. रॅमसे स्ट्रीट ही पुढे बंद असलेली गल्ली, सहा घरं, सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. कोण कुणाच्या घरातून किती वाजता बाहेर पडलं, हे लपत नाही. आईने दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "हे तर आपल्या वाड्यासारखंच आहे गं, मधे फक्त अंगणाऐवजी डांबर." मला ते फार पटलं. वाड्यात काय किंवा चाळीच्या गॅलरीत काय, भांडण दोघांचं असतं आणि ऐकणारे दहा असतात. या मालिकेतले उत्तम प्रसंग नेमके तसेच आहेत. बोलतात दोघं, पण गोष्ट पुढे सरकते ती बाजूला कप धरून उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या चेहऱ्यावर.

आईचं इंग्रजी बेताचं. सुरुवातीला मी अर्थ सांगत बसायचे. महिन्याभरात तिने मला गप्प केलं. म्हणाली, "तू सांगू नकोस. कोण कुणाकडे बघत नाहीये, तेवढं बघ. सगळं कळतं." तेव्हापासून मीही तसंच बघायला लागले. हॅरल्ड्स कॅफेतलं एखादं टेबल, वॉटरहोल पबमधला काउंटर, गल्लीत मधोमध जमलेली मंडळी: अशा ठिकाणी सात-आठ माणसं एकत्र आली की संवाद ऐकायचे सोडून मी नजरा शोधते. आपल्याकडच्या मालिकांत अशा वेळी प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा जातो आणि ढोल वाजतात. इथे ते नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाने मान वळवली तर वळवली, तुमचं लक्ष असेल तर दिसेल. रोजच्या मालिकेत बावीस-तेवीस मिनिटांत दोन-तीन ट्रॅक चालवायचे असतात, त्यात इतकी माणसं एका चौकटीत आणणं सोपं नाही. म्हणूनच ते जमतं तेव्हा कौतुक वाटतं.

आता माझी मोठी तक्रार. पुन्हा सुरू करताना त्यांनी दोन वर्षांचा लीप घेतला. लीप घेण्याला माझी हरकत नाही, ती सवय आपल्याला लहानपणापासून आहे. पण २०२२ च्या निरोपाच्या भागात गल्लीतल्या टोडीचं मेलनीशी लग्न लागलं होतं, टेरीस तिच्या आधीच्या नवऱ्याकडे, पॉल रॉबिन्सनकडे, परतली होती आणि अख्खी गल्ली रस्त्यावर नाचत होती. गल्लीतली जुनी रहिवासी सुझन त्या गर्दीतून एकटी चालत जाते, तिला हयात नसलेली माणसंही त्या गर्दीत दिसतात. तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. आणि त्यानंतरचा लगेचचा भाग काय, तर पुन्हा टोडीचं लग्न, नवरी कोण ते झाकलेलं, आणि पडदा वर होतो तेव्हा समोर टेरीस! धक्का बसला, खरं आहे. पण टोडीने टेरीसला का निवडलं, टेरीसने पॉलला कधी सोडलं, हे सगळं आमच्या पाठीमागे होऊन गेलं. पुढच्या भागांत मागे जाऊन त्या दोन वर्षांचे धागे उलगडले, तेही ओढून ताणून नाही, चांगले. तरी माझं समाधान झालं नाही. एखाद्याचा निर्णय खरा वाटायचा तर तो ज्यांच्यासोबत त्याला राहायचंय त्यांच्या देखत व्हायला हवा. वाड्यात कुणी घर सोडून गेलं तर ट्रंक उचलताना सगळ्यांनी बघितलेलं असतं. इथे आम्हाला ट्रंक गेल्यावरची रिकामी खोली दाखवली.

जेन आणि माइकचंही तेच. जेन हॅरिस १९८६ पासूनचं पात्र, ॲनी जोन्सने केलेलं. माइक म्हणजे गाय पिअर्स, तो हॉलिवूडला गेला आणि २०२२ च्या शेवटासाठी परत आला. एवढ्या वर्षांनी दोघं एकत्र आली म्हणून लोक रडले. नव्या मालिकेत तो थोड्याच भागांपुरता आला आणि ते नातं मोडलं. मोठा नट रोज येऊ शकत नाही हे मला समजतं. पण मग त्याला लांबच सुखात राहू द्यायचं होतं. फोनवर हाक मारणारा नवरा चालला असता. या एका बाबतीत आई माझ्यापेक्षा जास्त चिडली. तिला जेन फार आवडायची.

पण ज्यासाठी मी ही मालिका कुणालाही बघायला सांगेन ते म्हणजे २८ नंबरचं घर. कार्ल आणि सुझन केनेडी, म्हणजे ॲलन फ्लेचर आणि जॅकी वुडबर्न, दोघंही १९९४ पासून. कार्लने पूर्वी सुझनला सोडलं होतं आणि मग तो इझी हॉयलंडबरोबर होता. नंतर तो परतला, २००७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं. आणि आता कार्ल-इझीची मुलगी हॉली, मोठी झालेली, याच घरात राहायला येते. विचार करा, नवऱ्याची दुसरीपासूनची लेक सकाळी आपल्या स्वयंपाकघरात आपल्याच कपात चहा घेते आहे. यावर आपल्याकडे सहा महिन्यांचा छळ दाखवला असता. सुझन तसं काही करत नाही, पण ती देवीही होत नाही. ती कधी तुटक बोलते, कधी कार्लवर वैतागते, आणि तरी त्या मुलीला जागा करून देते. सगळे जमलेले असताना वुडबर्न जे करते ते बघण्यासारखं आहे: ती हॉलीशी बोलताना कार्लकडे बघत नाही. जणू हे नातं तिने स्वतः स्वीकारलंय, नवऱ्याच्या वतीने नव्हे. हे आईने दाखवलं. मला आधी दिसलं नव्हतं.

डेव्हिड तनाकाचा मृत्यू २०२४ मध्ये येतो आणि तो चांगला लिहिलाय, कारण एका माणसाच्या जाण्याने घरातल्या प्रत्येकाचं वेगळं काहीतरी जातं. ॲरनचा नवरा जातो. या दोघांचं २०१८ मधलं लग्न हे ऑस्ट्रेलियाच्या मालिकांतलं पहिलं समलिंगी लग्न होतं, देशात कायदा झाल्यावर नऊ महिन्यांनी. लिओचा जुळा भाऊ जातो. पॉलचा मुलगा, आणि तोही मोठेपणी सापडलेला. निकोलेटच्या छोट्या मुलीचा बाप. हे सगळे एका खोलीत येतात तेव्हा प्रत्येकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाच्या आड येतं. ज्यांच्या घरात तेराव्याला माणसं एकमेकांशी भांडलीत, त्यांना हे कळेल.

वार्गा-मर्फी कुटुंबही मला आवडलं. दोन बायकांचं जोडपं, त्यांचे दोन मुलगे, आणि त्यातल्या जेजेला वाटत असतं की आपला जन्मदाता समोरच राहणारा पोलिस अँड्र्यू रॉडवेल आहे. गल्ली बंद असल्याने तो रोज दिसतो. यातला ताण आपोआप येतो, कुणाला ओरडावं लागत नाही.

आपल्या माणसांबद्दल लिहिलं नाही तर हा अनुभव अपुरा राहील. जुन्या मालिकेत २०११ मध्ये कपूर कुटुंब आलं होतं. प्रिया कपूर शाळेची मुख्याध्यापिका होती. २०१३ मध्ये टोडी आणि त्याची तेव्हाची नवरी सोन्या यांच्या लग्नातल्या स्फोटात ती गेली आणि त्याच वर्षी अजय आणि रानीही निघून गेले. तेव्हा मी इथे नवीन होते, फार लागलं होतं. नव्या मालिकेत हॅरल्ड्स कॅफे चालवणारा मुलगा आला, हॅझ देवकर, आणि करणारा नट शिव पालेकर. श्रेयनामावली वाचून आई उठून बसली: "देवकर? पालेकर? कुठले गं हे?" हॅझचं मराठीपण मालिकेत कुठे खोलात दाखवलं नाही आणि मला ते मिळालं असतं तर हवंच होतं. पण तो 'भारतीय मुलगा' म्हणून एका कोपऱ्यात ठेवलेला नाही. कॅफेच्या काउंटरमागे असल्याने गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक गर्दीच्या प्रसंगात तो आहे. मॅकेन्झीबरोबरचं त्याचं प्रेमही सरळ आहे, प्रवचनाशिवाय. २०२४ मध्ये तो गेला, त्यानंतर कॅफे मला जरा ओसाड वाटला.

बाकी किरकोळ कुरबुरी आहेत. एकाच गुपितावर आठवडेच्या आठवडे काढतात. आठवड्याला चार भाग झाल्याने काही ट्रॅक मधेच थिजतात. रोज एक भाग बघितला तर हे जास्त जाणवेल, तीन एकदम बघितले तर चालून जातं. नव्याने बघणार असाल तर आधी २०२२ चा निरोपाचा भाग बघा, मगच २०२३ ला हात घाला. तरच टेरीसचा चेहरा दिसल्यावर तुम्हाला काहीतरी वाटेल.

आई परत जायच्या आधीच्या रविवारी मी तिला व्हर्माँट साउथला घेऊन गेले. पिन ओक कोर्ट, जिथे गल्लीचं बाहेरचं चित्रण व्हायचं. आमच्यापासून गाडीने पंधरा मिनिटं. तिथे खरी माणसं राहतात. आई मधोमध उभी राहिली, घरं मोजली, मग हळूच गोल फिरून प्रत्येक दाराकडे बघितलं. सुझनचं घर कुठलं ते तिने न विचारता ओळखलं. एका घरातून बाई बाहेर आल्या, कचऱ्याचा डबा आत घेतला, आम्हाला बघून हसल्या. आईने माझा दंड धरला आणि आवाज खाली आणला. "चल बाई," म्हणाली, "कुणाच्या तरी दारात उभ्या आहोत आपण."