अंगठा लागत नाही, पुन्हा लावा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या बोटांवर रेषाच राहत नाहीत. बोंडाची टोकं टोचून टोचून कातडी निघते. रेशन दुकानातल्या मशीनवर तीनदा-चारदा अंगठा दाबावा लागतो. पदराला पुसायचा, पुन्हा दाबायचा. म्हणून तो पोरगा "लागत नाही ताई, पुन्हा लावा" म्हणाला तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. दोन लेकरं शाळेत आहेत. 2024 ची विधानसभेची निवडणूक आटोपली आणि आठवडाभरात हा पोरगा बाईकवर आला. गळ्यात कार्ड, पाठीवर बॅग. बाप नसलेल्या लेकरामागे बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2250 रुपये मिळतात, म्हणाला. हे खोटं नव्हतंच, तीच तर गंमत. योजना आहे, रक्कमही तीच आहे. वर म्हणाला, बचतगटातून शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम मिळवून देतो. त्या साली सरकारनं गणवेश बचतगटाच्या बायकांकडून शिवून घ्यायचं ठरवलं होतं, हे आम्ही ऐकून होतो. त्यामुळं तेही पटलं.

आणि त्यानं एक रुपया मागितला नाही. पैसे मागितले असते तर मी दारातूनच हाकलला असता. उलट मीच शेजारच्या चार जणींना हाका मारून आणलं. "या वं, फुकटात होऊन रायलं."

मारुतीच्या पारावर बसून त्यानं मोबाईलला डबीएवढं यंत्र जोडलं. आधार नंबर घेतला, बँक कोणती ते विचारलं. एक अंगठा केवायसीचा, एक उत्पन्नाचा, एक शिलाई मशीनचा. दरवेळी यंत्रात लाल उजेड पडायचा. मधेच "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून परत लावायला सांगायचा. पावती मागायची कोणाला सुचलंच नाही. कशाची मागणार? आमच्या लेखी पैशाचा व्यवहार झालाच नव्हता.

बारा दिवसांनी लेकरांना स्वेटर घ्यायचे म्हणून तालुक्याला बँकेत गेले. लाडक्या बहिणीचे पाच हप्ते, 7500 रुपये, मी हात न लावता ठेवले होते. वेचणीचे थोडे वेगळे. बँकेतल्या बाईंनी पासबुक छापून दिलं, शिल्लक 310 रुपये. एकाच तारखेला दोन ओळी, 5000 आणि 4000, पुढं 'एईपीएस'. मी म्हटलं, "म्या तं काढलेच नाई जी." त्या म्हणाल्या, "अंगठा तुमचाच आहे ताई."

तेव्हा कळलं की एईपीएस म्हणजे आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. कार्ड नको, ओटीपी नको. मेसेज आला असेल तर तो नवऱ्याच्या बंद पडलेल्या सिमवर. खात्याला तोच नंबर होता.

1930 वर, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, फोन केला, बँकेत अर्ज दिला, ठाण्यात जाऊन आले. बँकेत समजलं की आपली चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ग्राहकावर भार येत नाही. मी बाराव्या दिवशी पोचले होते. पैसे अजून आलेले नाहीत.

आधी तेव्हाची 50 रुपये फी भरून आधारला माझा नंबर जोडला, बँकेतही तोच दिला. मग भाच्यानं मोबाईलवर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, म्हणजे उघडल्याशिवाय अंगठा कुठंच चालत नाही. रेशनच्या दिवशी तेवढं उघडून घ्यावं लागतं, कटकट आहे, पण करते. बालसंगोपनाचा अर्ज नंतर यवतमाळला महिला व बालविकास कार्यालयात नेऊन दिला. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड लागलं. फी नाही. अंगठा तर कोणी मागितलाच नाही.

त्या चौघींपैकी दोघींचे पैसे गेले. एकीचे 3000 होते. तिच्या सासूनं माझ्याकडं बोट दाखवलं, आणि मला काही बोलता आलं नाही. हाका मीच मारल्या होत्या. किलोला दहा रुपयांनी वेचून तिचे 1200 दिलेत आतापर्यंत. ती घेत नव्हती. सासूनं घेतले.