लेबलावरचे वॅट आणि छपरावरचे वॅट: वापरलेल्या सोलर पॅनेलचे परीक्षण

एका मोठ्या सौरप्रकल्पातून उतरवलेली दहा पॅनेल सध्या माझ्या छपरावर घराची वीज आणि गाडीचे चार्जिंग अशी दोन्ही कामे करत आहेत. प्रत्येकी 250 वॅटची, 60 सेलची (सेल म्हणजे उन्हापासून वीज करणारा पॅनेलमधला छोटा चौकोनी तुकडा), पॉलिक्रिस्टलाइन म्हणजे अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनच्या प्रकारची आणि बारा वर्षे वापरलेली ही पॅनेल नव्यांच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत मिळाली. घरच्या विजेसाठी ती चांगली आहेत, असे मी निःशंकपणे म्हणेन. गाडीसाठी मात्र त्यांचा उपयोग लेबलांची बेरीज पाहून वाटतो त्याहून बराच कमी आहे आणि तो किती कमी असेल, हे खरेदीआधीच कागदावर मांडता येते.

पॅनेल विक्रीला का आली, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. नवी पॅनेल लावून त्याच जागेत सुमारे दीडपट क्षमता बसवता येते म्हणून प्रकल्पचालकाने धडधाकट पॅनेल काढली असतील, तर माल बहुधा चांगला निघतो. गारपीट, पूर किंवा वादळानंतर विम्याच्या भरपाईत निघालेला माल असेल, तर काच शाबूत असली तरी आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही. त्यामुळे अनुक्रमांक जवळपासचे आहेत की ढिगात पाच ठिकाणचा माल एकत्र केला आहे, ते स्वतः पाहावे.

पॅनेलची पाहणी पाठीमागून सुरू करावी, कारण पुढची काच पुसून चकचकीत करता येते, मागची पांढरी शीट तशी करता येत नाही. शीटवरून बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली, तर उन्हाने तिचा थर झिजू लागला आहे असे समजावे. बारीक चिरा दिसल्या, तर ते पॅनेल कितीही वीज देत असले तरी घेऊ नये. ओल आत शिरली की धातूच्या फ्रेममध्ये वीज उतरण्याचा धोका असतो आणि दमट हवेत इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) गळतीचा इशारा देऊन वारंवार बंद पडतो.

त्यानंतर मल्टिमीटर हातात घ्यावा. अशा पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मोजलेले व्होल्टेज, साधारण 37 व्होल्ट असते. मला दाखवलेल्या ढिगातल्या एका पॅनेलवर मीटरने जेमतेम 25 दाखवले, तेव्हा विक्रेत्याने ऊन कमी असल्याचे कारण पुढे केले. ते कारण टिकणारे नव्हते, कारण ऊन कमी झाले की करंट त्याच प्रमाणात घटतो, व्होल्टेज मात्र फारसे हलत नाही. 60 सेलचे पॅनेल वीस-वीस सेलच्या तीन भागांत जोडलेले असते व प्रत्येक भागाला एक बायपास डायोड (तो भाग अडला तर करंटला बाजूने वाट देणारा घटक) असतो. त्यातला एक शॉर्ट झाला की तेवढा भाग हिशेबातून बाद होतो आणि 37 मधून एक तृतीयांश वजा केल्यावर नेमके 25 च्या आसपास उरतात. करंटची मोजणी भर दुपारी, सगळी पॅनेल एकाच कोनात ठेवून, लागोपाठ करावी. आकडा लेबलाएवढा येईलच असे नाही, कारण लेबल प्रति चौरस मीटर 1000 वॅट ऊन आणि 25 अंश सेल्सिअस तापमानाचा सेल गृहीत धरते. पण आपापसांतली तफावत लगेच उघडी पडते आणि सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या रांगेत, एक कमजोर पॅनेल संपूर्ण ओळीला मागे खेचत असल्यामुळे महत्त्व त्या तफावतीलाच आहे. हे दोन्ही आकडे ठीक असूनही, आतले जोड गंजलेले पॅनेल भार दिल्यावर ढेपाळते. म्हणून भाराखाली चाचणी करू देणाऱ्या विक्रेत्याला चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते.

आता गाडीचा हिशेब. लेबलांप्रमाणे दहा पॅनेलचे 2500 वॅट होतात. वयोमानाची सुमारे दहा टक्के घट धरली तर 2250 उरतात. कडक उन्हात सेल 60 अंशांपर्यंत तापले की प्रत्येक अंशामागे साधारण 0.4 टक्क्याप्रमाणे आणखी चौदा टक्के जातात आणि धूळ, वायर व इन्व्हर्टर यांचा वाटा वजा केल्यावर दुपारी 1800 वॅट मिळाले तरी पुष्कळ. गाडी 6 अँपिअरपेक्षा कमी करंटवर चार्ज होत नाही, म्हणजे 230 व्होल्टला तिला किमान 1400 वॅट लागतात. म्हणून एखादा ढग आला किंवा घरात पंप सुरू झाला की चार्जिंग थांबते, नाहीतर कमी पडणारी वीज ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यातून, ओढली जाते. ज्या ठिकाणी दिवसाला सरासरी पाच तासांइतके पूर्ण ऊन मिळते, तिथे या पॅनेलांपासून आठ-साडेआठ युनिट निघतात; घर उपाशी ठेवून ती सगळी गाडीला दिली, तरी शंभर किलोमीटरला पंधरा युनिट खाणारी गाडी जेमतेम पन्नास किलोमीटर जाईल. तेही ती दुपारी घरी उभी असेल तर. विजेवरच्या स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटची असते, त्यामुळे तिला हा संच व्यवस्थित पुरतो. कारसाठी करंट आपोआप कमी-जास्त करणारा चार्जर घ्यावा; ठरावीक करंट घेणारा साधा चार्जर इथे कामाचा नाही.

बचत पॅनेलपुरतीच ठेवावी. इन्व्हर्टर, डीसी एमसीबी (जास्त करंट आल्यास डीसी वीज तोडणारा स्विच), सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) आणि केबल नवीनच घ्यावी, तसेच पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-4 कनेक्टर जुने असल्यास कापून एकाच कंपनीचे नवे लावावेत. सैल जोडातून डीसीची ठिणगी पडली की ती सहजासहजी विझत नाही. शिवाय तेवढ्याच क्षमतेसाठी जुन्या पॅनेलना सुमारे साडेसोळा चौरस मीटर जागा लागते, नव्यांना बारा पुरते, आणि स्ट्रक्चर, क्लॅम्प व मजुरी त्याच हिशेबाने वाढते. ग्रिडला जोडायचे असेल, तर वीज कंपनी वापरलेली पॅनेल मान्य करते का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे. परवानगी नाकारली गेली, तर हीच पॅनेल बॅटरीवरच्या स्वतंत्र यंत्रणेत लावावी लागतात आणि बॅटरीचा खर्च पॅनेलवर वाचवलेले पैसे सहज गिळून टाकतो.